शाळेचे फाटक आणि सुरक्षेचा धडा

३१ जानेवारी २०२१ हा देशभर पल्स पोलिओचा रविवार होता. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावी, पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सगळी वाचली. पाजणारे कोणी भामटे नव्हते. सरकारी मोहिमेवर, मुलांच्या भल्यासाठीच आलेली ती माणसे होती. आपण आलेल्या माणसाकडे बघतो, त्याच्या हातातल्या बाटलीकडे बघत नाही, आणि विचारणे तर आपल्याला उद्धटपणाचेच वाटते.

ही घटना शाळेतली नाही, पण मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक या तिघांनीही ती लक्षात ठेवावी. मुलांच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या डोक्यात दोन वेगळी कामे येतात. पोलीस, डॉक्टर, सर्पमित्र यांना बोलावून मुलांना माहिती देणे हे एक, आणि फाटक, कुलूप, कॅमेरा, नोंदवही हे दुसरे. माझ्या मते ही दोन्ही कामे एकच आहेत. आलेल्या माणसाशी गुरुजी आणि बाई कसे वागतात हे मुले रोज बघत असतात. ‘अनोळखी माणसाबरोबर जायचे नाही’ असे सकाळी परिपाठात शिकवले आणि दुपारी गाडीतून उतरलेल्या कुणालाही वर्गात एकटे सोडले, तर मुलांच्या मनात दुपारचे राहते, सकाळचे पुसले जाते.

आधी फाटक

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी प्राथमिक शाळा दोन शिक्षकी आहेत. पहारेकरी नाही, शिपाई नाही, काही ठिकाणी कंपाउंडची भिंत एका बाजूने पडलेली. तेव्हा शहरातल्या मोठ्या शाळेचे नियम इथे आणून चालणार नाही. जे दोन शिक्षकांना वर्ग सांभाळून रोज करता येईल तेवढेच ठरवा, आणि ते खरोखर रोज करा.

शाळेच्या वेळेत एकच फाटक उघडे ठेवा. बहुतेक शाळांत शेरेबुक असते, पण ते केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी आले की उघडते. त्याशिवाय एक साधी दोनशे पानी वही दाराशी ठेवा. नाव, गाव, मोबाइल क्रमांक, कुणाकडे काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, एवढेच रकाने पुरेत. सरपंचांनाही ती वही द्या, आमदारांच्या माणसालाही द्या, पुस्तके विकायला आलेल्यालाही द्या आणि वर्गखोलीचे प्लास्टर करायला आलेल्या मिस्त्रीलाही द्या. गावातल्या माणसाला ‘तुमचे नाव लिहा’ म्हणायला शिक्षकांना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय एकच. हा नियम शिक्षकांचा नसून समितीचा आहे, असे ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत फाटकाजवळ लावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. गावानेच केलेला नियम गावाला सांगायला शिक्षकाला जड जात नाही. सरपंचांनी पहिल्या दिवशी स्वतः सही केली, तर पुढे कोणी कुरकुर करत नाही.

पाहुणा वर्गात असेल तेव्हा शाळेतले एक मोठे माणूस तिथे हजर हवेच आणि दार उघडे हवे. पाहुण्याला प्यायला पाणी आणायला किंवा स्वच्छतागृह दाखवायला एकट्या मुलाला पाठवू नका. वर्गाच्या मागच्या खोलीत पेटी ठेवायची असली तरी मुलगी बरोबर जाणार नाही, बाई जातील. यात पाहुण्यावर संशय घेण्यासारखे काही नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाचा अपमान होत नाही.

फोटोंबद्दल वेगळे सांगायला हवे. वाढदिवसाला वह्या वाटायला येणारे, खाऊ घेऊन येणारे, शाळेला देणगी देणारे यांची मने चांगली असतात. पण त्यांच्या मोबाइलमध्ये मुलाचा चेहरा, गणवेशावरचे शाळेचे नाव आणि खाली मुलाचे नाव असे सगळे एकत्र जाते, आणि मग ते कुठे फिरते यावर कुणाचा ताबा राहत नाही. वह्या घेताना मुलाने हात पुढे करून कॅमेऱ्याकडे बघायचे, हे दृश्य तर मला बघवत नाही. दान घ्या, आभार माना, फोटो शाळेच्या मोबाइलवर पाठीमागून किंवा दुरून काढा, आणि नावे लिहू नका. जूनअखेर शाळा उघडते तेव्हाच पालकांकडून फोटोबद्दल लेखी होकार-नकार घेऊन ठेवा.

पाया पडणे आणि ‘नाही’ म्हणणे

आपल्या घरांत आणि शाळांत पाहुण्याच्या पाया पडण्याची रीत आहे. सरस्वतीच्या फोटोला हार, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग रांगेने येऊन मुलांनी वाकायचे. मोठ्यांविषयी आदर शिकवायलाच हवा. पण त्याच रीतीतून मुलाला नकळत असेही शिकवले जाते की मोठ्या माणसाने गाल ओढला, मांडीवर घेतले, पापा मागितला तर गप्प राहायचे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. हात जोडून नमस्कार हा पूर्ण आदर आहे. शाळेत पाहुण्याला नमस्कार दुरून, हात जोडूनच करायचा, असे ठरवा. ज्याला पाया पडायचे नाही किंवा हात मिळवायचा नाही, त्याच्यावर कोणी रागावणार नाही, हे पाहुण्यांसमोर मुलांना सांगा. आपल्या शरीराबाबत आपला नकार मोठी माणसे ऐकतात, हे मुलाला एकदा अनुभवायला मिळाले, की पुढचा धडा सोपा जातो.

पुढचा धडा म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचा. चाइल्डलाइनने तयार केलेली ‘कोमल’ ही चित्रफीत त्यासाठी चांगली आहे. ती दाखवून विषय संपवू नका. पहिली-दुसरीच्या मुलांना तीन गोष्टी यायला हव्यात. चड्डी-बनियनने झाकलेल्या भागाला आपल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आई आंघोळ घालते किंवा डॉक्टर आईसमोर तपासतात, तेवढाच अपवाद. कोणी तसे केले, दाखवले किंवा दाखवायला लावले तर मोठ्याने नाही म्हणायचे आणि तिथून निघायचे. आणि कोणी ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ म्हणाले, तर ते सांगायचेच. कुणाला सांगायचे हे मुलाला पाच बोटांवर मोजायला लावा. पाच माणसांची नावे मुलाने स्वतः ठरवावीत. त्यात एक तरी माणूस घराबाहेरचे असावे, कारण गुन्ह्यांच्या सरकारी नोंदी वर्षानुवर्षे हेच दाखवतात की अत्याचार करणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. आरोपी बाहेरून आलेला नव्हता, शाळेतच कामाला ठेवलेला सफाई कर्मचारी होता. फाटकावरच्या वहीत अशा माणसाचे नाव कधी लागत नाही. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी आणि समित्यांबाबत स्पष्ट सूचना दिल्या. सखी सावित्री समिती तर त्याच्याही आधी, २०२२ पासून अपेक्षित आहे. आपल्या शाळेत ती कागदावर आहे की बसते, हे पालकांनी विचारावे. तक्रारपेटी लहान मुलाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर आणि शिक्षकांच्या खोलीपासून दूर हवी. लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी पेटीजवळ कोरे कागद आणि खडू ठेवा. चित्र काढून टाकले तरी चालते.

मूल सांगायला आले तर काय करायचे, हे शिक्षकांनी आधीच जाणून घेतलेले बरे. ऐकून घ्या. ‘तू तिथे गेलीसच का’ असे विचारू नका. पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका आणि ज्याचे नाव आले त्याला समोर उभे करू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ प्रमाणे न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडपले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावात मिटवून टाकू, शाळेचे नाव जाईल, मुलीचे लग्न व्हायचे आहे, असे सांगणारे भेटतीलच. त्यांना कायदा दाखवा. मुलीचे नाव मात्र कुणालाही कळता कामा नये. कायदाच तसे बजावतो. १०९८ हा मुलांचा क्रमांक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.

कोणाला बोलवायचे, आणि काय सांगून

२०२४ पासून प्राथमिक शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. त्यात आपत्ती व्यवस्थापन, स्वतःची सुरक्षा, रस्ता सुरक्षा हे विषय आहेतच. म्हणजे वेळ काढायची वेगळी धडपड नको. प्रश्न उरतो तो पाहुण्याचा.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठा माणूस आणण्यापेक्षा गावाच्या पंचक्रोशीतले माणूस बोलवा. आपल्या फीडरचा लाइनमन, बीटचा वनरक्षक, गावचा पोलीस पाटील, आशाताई, कृषी सहायक. हे पुन्हा भेटतात, मुले त्यांना ओळखतात आणि प्रसंग आला तर फोन त्यांनाच जाणार असतो. बोलावताना तीन गोष्टी आधी सांगा. भाषण नको, मुलांच्या हातून होईल असे एक काम आणा. रक्ताचे, अपघाताचे फोटो आणू नका, लहान मूल त्याने सावध होत नाही, फक्त रात्री झोपत नाही. आणि पहिली-दुसरीसाठी पंधरा मिनिटांत आटोपा. शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यांत अर्धा तास गेला तर मुलांच्या वाट्याला काय येणार? सत्कार करायचा असेल तर पाहुणा जाताना करा.

पोलीस येणार असतील तर आणखी एक. ‘ऐकत नाहीस तर पोलिसाला देईन’ असे आपल्याकडे घरोघर म्हटले जाते. मग हरवलेले मूल पोलिसाला बघून लपते. म्हणून खाकी वर्दीतल्या पाहुण्याने खुर्चीवर न बसता मुलांबरोबर सतरंजीवर बसावे, आपले नाव सांगावे, शिट्टी हातात द्यावी. २ जानेवारीला पोलीस स्थापना दिन असतो. त्या आठवड्यात ठाण्याची भेट मागितली तर सहसा मिळते. मुलांनी तिथे एकच गोष्ट शिकून यावी, ११२ लावल्यावर काय बोलायचे. आपले नाव, गाव आणि तालुका, काय झाले, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मोबाइल बंद ठेवून हा संवाद दोघादोघांनी करून बघायचा. आपले गाव कुठल्या तालुक्यात येते हे तिसरीतल्या मुलाला सांगता येत नसेल, तर तिथून सुरुवात करा. ज्या पोडावर किंवा तांड्यावर नेटवर्क नसते, तिथे रेंज कुठे येते ती जागाही मुलांना माहीत असायला हवी.

साप

पावसाळ्यात आपल्याकडे पहिली गरज सापाच्या धड्याची. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात पाचवीतल्या एका मुलीला भर वर्गात, भिंतीलगतच्या बिळातून साप चावला. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. वर्गखोली फरशीची होती, शाळा शहराजवळ होती. हे वाचून यवतमाळच्या प्रत्येक शाळेने आपल्या वर्गाच्या कडेने एक फेरी मारायला हवी. उखडलेली फरशी, खिडकीखालचे भगदाड, स्वयंपाकखोलीमागे रचलेले सरपण, पडक्या खोलीतल्या विटा, वाढलेले गवत. हे काम पाहुण्यावर सोडायचे नाही, ते शाळा उघडण्याआधीचे आहे.

सर्पमित्राला जरूर बोलवा, पण जिवंत साप न आणण्याच्या अटीवर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि साप पकडून खेळ दाखवणे त्यात बसत नाही. कायद्याचे सोडा, ज्या मुलाने मोठ्या माणसाच्या हातात नाग डोलताना पाहिला त्याला उद्या धुऱ्यावरचा साप धरून बघावासा वाटणारच. चित्रे पुरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप ओळखता आले तर उत्तम, पण लहान मुलाने ओळखण्यापेक्षा दूर होणे महत्त्वाचे. मण्यार रात्री चावते, अंथरुणात चावते आणि कधीकधी दुखतही नाही. सकाळी मूल पोट दुखते म्हणते, पापण्या जड झालेल्या असतात. हे पालकांना सांगण्यासारखे आहे. म्हणून सर्पमित्र येतील त्या दिवशी पालकांनाही बोलवा.

चावल्यावर काय करायचे, हे मुलांकडून करवून घ्या. एकाने चावलेला मुलगा व्हायचे, बाकीच्यांनी त्याला बसवायचे, चालू द्यायचे नाही, पायाला दोन पट्ट्या लावून ओढणीने सैल बांधायचे, म्हणजे पाय हलणार नाही. आवळून दोरी नाही, ब्लेड नाही, तोंडाने ओढणे नाही, कडुनिंबाचा पाला नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. तोपर्यंत एकाने गुरुजींकडे धावायचे. गुरुजींनी १०८ लावायचा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर गावात मिळेल त्या वाहनाने निघायचे. सापाचे विष उतरवणारे इंजेक्शन आपल्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात ठेवलेले असते, हे दर जूनमध्ये विचारून भिंतीवर लिहा. वेळ आल्यावर विचारत बसलात तर तीच मिनिटे जातात. साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही.

फवारणीचे डबे

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते असे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण प्राथमिक शाळेतल्या धड्यात ते अजून पुरेसे आलेले नाही. कपाशीच्या घरातले मूल त्या डब्यांबरोबर राहते. डबा रिकामा झाला की त्यात पाणी भरतात, रॉकेल ठेवतात, झाकण खेळायला मिळते. थंड पेयाच्या बाटलीत उरलेले औषध काढून ठेवलेले असते, आणि तहानलेल्या मुलाला ती बाटलीच दिसते.

१६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावी शाळेच्या दुपारच्या जेवणातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले, जे आपल्या कपाशीवरही फवारले जात असे. तेलाला वास येतो अशी शंका स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आली होती, असे तेव्हा पुढे आले. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि स्वयंपाकिणीने चाखायचा आणि चव नोंदवहीत लिहायचे, हा नियम अशाच अनुभवांमुळे महत्त्वाचा. चव न घेता वही भरणारी शाळा स्वतःलाच फसवते. आणि ‘मॅडम, वास येतो’ म्हणणाऱ्या मावशींचे म्हणणे त्या दिवशीची खिचडी थांबवू शकले पाहिजे, एवढा मान त्यांना द्या.

कृषी सहायकाला बोलावले तर खरा डबा शाळेत आणू देऊ नका, रिकामासुद्धा. लेबलावरचा त्रिकोण मुलांकडून रंगवून घ्या. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत खाली हिरवा. मुलांना हेही सांगायचे की हिरवा म्हणजे प्यायला चालणारा नव्हे. मग घरचा अभ्यास असा द्या. गोठ्यात, माळ्यावर, खाटेखाली असे डबे कुठे आहेत हे मुलांनी हात न लावता फक्त बघून यायचे आणि रात्री बाबांना सांगायचे. फवारून आलेल्या बाबांच्या कपड्यांना आंघोळीआधी बिलगायचे नाही, हेही त्यातच येते. शाळेतून गेलेला हा निरोप घरात वजनाने ऐकला जातो, मोठ्यांच्या सभेतल्या निरोपापेक्षाही.

लाइनमनच्या धड्यात तुटून पडलेली तार, ओल्या हाताने स्टार्टर, आणि रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट हे तीन विषय पुरेत. शेवटच्या विषयावर घरी बोलायला मुलांना लाज वाटू नये म्हणून तो लाइनमननेच काढावा. तार पडली तर जवळ जायचे नाही, कोणाला जाऊ द्यायचे नाही, विजेच्या तक्रारींच्या १९१२ या क्रमांकावर कळवायचे. वनरक्षकाचा धडा टिपेश्वरच्या आसपास, पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात लांबवा. तिथल्या मुलांनी टी-वन वाघिणीचा काळ घरी ऐकलेला आहे. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेली तोवर अनेक माणसे दगावली होती. त्या मुलांना वाघाच्या रागलोभाच्या गोष्टी नकोत, संध्याकाळी एकट्याने वावरात जायचे नाही, घोळक्याने आणि बोलत जायचे, वाघ दिसला तर पळायचे नाही, हे हवे. १९२६ हा वनविभागाचा क्रमांक.

वीज आणि पाणी यांसाठी पाहुणा नसला तरी चालते. ढग गडगडायला लागले की मैदानातून आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली तर कधीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप शिक्षकांनी मोबाइलवर ठेवावे. शेततळ्याचे प्लास्टिक निसरडे असते, त्यातून पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. बुडणाऱ्याला वाचवायला मुलाने उडी मारायची नाही. दोरीला बांधलेला रिकामा कॅन फेकायचा आणि ओरडायचे. हा कॅन मात्र खाद्यतेलाचा असू द्या. मैदानात खडूने शेततळे आखून सगळ्यांनी एकेकदा तो फेकून बघितला की झाले.

मारुतीचे आवार

आपल्याकडे पुष्कळ शाळांच्या आवारातच मारुतीचे किंवा देवीचे देऊळ असते. कुठे देवळाचा सभामंडप आधी आणि शाळा नंतर. शनिवारी दर्शनाला येणारा माणूस शाळेचा पाहुणा नसतो, पण मुलांच्या अंगणातून जातो. त्याला अडवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. देवळाचा रस्ता बाजूने काढा, मध्ये तारेचे कुंपण किंवा नुसती झाडांची रांग लावा, आणि मुलांचे स्वच्छतागृह देवळाच्या बाजूला उघडत असेल तर आधी ते बदला. देवस्थानाच्या पंचांना समितीच्या बैठकीला बोलावले तर हे काम वर्गणीतूनही होते, कारण त्यांचीच नातवंडे शाळेत असतात.

सप्ताह, हनुमान जयंती, गणपती, नवरात्र या दिवसांत आवारात मंडप पडतो. मंडपाची वायर जमिनीवरून नेऊ देऊ नका, आणि पाऊस आला तर मेन स्विच कोण बंद करणार त्याचे नाव ठरवा. दीपप्रज्वलनाला ओढणी आणि परकर घातलेल्या मुली समईच्या मागे उभ्या करायच्या नाहीत, पुढे दोन हात जागा सोडून उभ्या करा. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले जळून गेली. आग जेवणाच्या स्वयंपाकघरातून झावळ्यांच्या छपराला लागली होती आणि मुलांना बाहेर पडायला नीट वाट नव्हती. आपल्या शाळेत स्वयंपाकाचे छप्पर कशाचे आहे, गॅसची टाकी वर्गापासून किती दूर आहे, दार बाहेर उघडते की आत, हे बघायला कुठला अधिकारी लागत नाही. महाप्रसाद असेल त्या दिवशी शाळेची मुले आधी जेवतील, उरलेले संध्याकाळी मुलांना वाढायचे नाही.

ऊसतोडीला गेलेले आईबाप

पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस भागातल्या तांड्यांवरून दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. मुले आजीआजोबांकडे, काकांकडे राहतात. जूनमध्ये केलेली ‘मुलाला न्यायला कोण येणार’ ही यादी तेव्हा निकामी होते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा करा. नाव, नाते, फोन, आणि एक परवलीचा शब्द, जो घरच्यांनी मुलाला सांगितलेला असेल. आईने पाठवले म्हणून आलेल्या माणसाला तो सांगता आला नाही तर मूल शाळेतच थांबेल, आणि त्या वेळी शिक्षकही थांबतील. आजीला मोबाइल नसेल तर पोलीस पाटलांचा किंवा अंगणवाडी सेविकेचा क्रमांक लिहा.

कोलाम पोडांवर, गोंड वस्त्यांवर, तांड्यांवर सुरक्षेचा धडा पहिलीतल्या मुलाला त्याच्या घरच्या बोलीत मिळायला हवा. ‘करंट’, ‘विष’, ‘नको’, ‘वाचवा’ हे शब्द भीतीच्या क्षणी परक्या भाषेत आठवत नाहीत. शिक्षकांना कोलामी, गोंडी किंवा गोरबोली येत नसेल तर गावातली एखादी आई, सातवी-आठवी झालेली ताई शेजारी उभी करा. तिलाही पाहुणीचाच मान द्या, आणि वहीत तिचेही नाव लिहून घ्या.

शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. जंतनाशकाच्या गोळ्या येतात, लसी येतात. आलेल्या डॉक्टरांना ‘हे काय आहे, मुलांना दाखवाल का’ असे विचारायला मुलांनाच लावा. गोळीचे पाकीट, त्यावरची मुदत, नाव फळ्यावर लिहून घ्या. पोलिओच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती द्यायची नाही. हे चौथीतल्या मुलाला पाच मिनिटांत कळते आणि धाकट्या भावाला बूथवर नेताना ते तो बघू शकतो. मुलांनी विचारलेले बहुतेक डॉक्टरांना आवडतेच. क्वचित कोणी चिडले तर शिक्षकांनी मुलांच्या बाजूने उभे राहावे.

घंटेचा सराव दर दोन महिन्यांनी करा. लांब घंटा वाजली की मुलांनी दप्तर सोडून ओळीने मैदानात यायचे, शिक्षकांनी हजेरीपट घेऊन बाहेर यायचे आणि डोकी मोजायची. अपंग मुलाबरोबर कोण चालणार, हे नावानिशी ठरलेले असावे. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडच्या भूकंपाचे हादरे जिल्ह्याच्या दक्षिण भागातही जाणवले, तेव्हा जमीन हलते हा प्रश्न फक्त किल्लारीचा राहिलेला नाही. सरावाच्या दिवशी शाळेत पाहुणा असेल तर त्यालाही मुलांबरोबर बाहेर न्या आणि वहीतल्या नावावरून मोजा. एखादे नाव कमी भरले तर मैदानातूनच हाक मारा, आत शोधायला मूल पाठवू नका.